ढिला आरसा

तुटलेल्या वस्तूला घरात एक प्रकारचा मान असतो. खुर्चीचा पाय मोडला की सारे घर तिच्याभोवती जमते, कोणी हळहळते, कोणी ती कुणाच्या वजनाने मोडली याची चौकशी करते, आणि दुसऱ्या दिवशी सुतार येतो. ढिल्या झालेल्या वस्तूच्या नशिबी हे भाग्य नाही. ती काम देते ना? मग चालू द्या! कपाटाची मूठ गरगर फिरते, पण कपाट उघडते. कढईचा कान हलतो, पण भाजी होते. चष्म्याची काडी लोंबते, पण वर्तमानपत्र वाचून होते. ढिल्या वस्तूच्या कलाने वागायला आपण हळूहळू शिकतो, आणि मग ते शिकलो आहोत हेही विसरतो. पाहुणा आला की मात्र सांगावे लागते, "जरा जपून हं, ती मूठ थोडी उचलून मग ओढायची!"

पण आज मला कढईबद्दल किंवा कपाटाबद्दल लिहायचे नाही. मला लिहायचे आहे एका स्पोर्ट्‌स कारच्या दारावरच्या आरशाबद्दल. आता बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करून निवृत्त झालेल्या, आणि स्कूटरपलीकडे वाहनसौख्य न लाभलेल्या पुणेकराचा स्पोर्ट्‌स कारशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध शेजाराचा आहे.

आमचे चिरंजीव इंग्लंडात ॲबिंग्डन नावाच्या गावी राहतात. थेम्स नदीच्या काठी, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर हे टुमदार गाव आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. परक्या देशात निवृत्त माणसाला काय काम असते? सकाळी नातवाला शाळेत पोचवायचे, दुपारी परत आणायचे, आणि मधल्या वेळात खिडकीतून पावसाकडे पाहायचे. पहिल्या पंधरा दिवसांत मी पाऊस भरपूर पाहिला. मग एके दिवशी पाऊस थांबला, शेजारच्या गॅरेजचे दार वर गेले, आणि आतून गर्द हिरव्या रंगाची एक ठेंगणी, टपाशिवायची मोटार बाहेर आली. तिच्या मागोमाग तिच्याहून फारसे उंच नसलेले एक गृहस्थ आले. हेच आमचे शेजारीबुवा. वय चौऱ्याऐंशी.

ती मोटार होती एम.जी.बी., १९७२ सालची. ॲबिंग्डनमध्ये या गाडीचे नाव टोपी काढूनच घ्यावे लागते, कारण ही तिची जन्मभूमी. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या त्या गॅरेजातून निघालेल्या या गाड्यांचा कारखाना १९२९ साली ॲबिंग्डनला आला आणि १९८० पर्यंत तिथे होता. १९६२ पासून १९८० पर्यंत तिथून पाच लाखांवर एम.जी.बी. बाहेर पडल्या आणि जगभर गेल्या. पुढे कंपनीचे हात बदलत बदलत ते नाव चीनमधल्या मालकांकडे गेले, आणि २०१९ पासून त्याच दोन अक्षरांच्या गाड्या गुजरातेत हालोलला तयार होऊन आपल्याकडेही धावू लागल्या. आमचे शेजारीबुवा मात्र मूळच्या कारखान्यातले. विसाव्या वर्षी तिथे लागले आणि तो बंद पडला त्या दिवशी बाहेर पडले. त्यांचे काम दारे बसवण्याचे. "दार लावल्याचा आवाज ऐकून मी सांगू शकतो, ते सोमवारी बसवलं की शुक्रवारी," असे ते मला म्हणाले. पुणेकराला ही भाषा समजायला दुभाषा लागत नाही. आमची मैत्री जमली.

एका उजळ दुपारी त्यांनी मला फेरीला नेले. एम.जी.बी.त बसणे म्हणजे पाटावर बसण्यासारखे आहे. रस्ता अगदी हाताशी येतो. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या फुलांची कुंपणे, अंगावर गार वारा, आणि पुढे १७९८ सी.सी.च्या चार सिलिंडरांची भरदार गुणगुण. मी डावीकडे, बुवा उजवीकडे चाकावर. इंग्लंडात वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे माझा जीव त्या बाबतीत निर्धास्त होता. पण माझे लक्ष सारखे त्यांच्या बाजूच्या दारावरच्या आरशाकडे जात होते. दारावर बसलेली तेवढी एकच वस्तू थरथरत होती. गाडी उभी असताना ती हळू डोलायची, वेग वाढला की जरा शांत व्हायची, आणि ताशी चाळीस मैलांच्या आसपास एकदम अंगात आल्यासारखी घुमू लागायची.

एका फाट्यावर बुवांना उजवीकडे वळायचे होते. त्यांनी दिवा लावला, आरशात पाहिले, आणि चाक फिरवले. त्याच क्षणी माझ्या कानांवर एक किंकाळी आली. उजव्या अंगाने आम्हाला ओलांडू पाहणारा एक सायकलस्वार दाराला जवळजवळ घासून पुढे गेला, गवतात गेला, सावरला, आणि मागे वळून त्याने जे शब्द वापरले ते मला सगळे समजले नाहीत हे बरेच झाले. त्याला लागले नव्हते. बुवांनी गाडी कडेला थांबवली. त्यांचे हात चाकावर होते आणि हातही आता आरशासारखेच हलत होते.

"मी आरशात पाहिलं होतं," ते म्हणाले.

ते खरेच होते. मी स्वतः त्यांना पाहताना पाहिले होते.

घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. गाडी आत घेतल्यावर त्यांनी आरशाला बोट लावले. तो एखाद्या म्हाताऱ्याच्या दातासारखा हलला. "पुष्कळ दिवस झाले याला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माझ्या मुलीला यातलं काही कळू नये, अशी माझी इच्छा आहे." त्यांची मुलगी तासाभराच्या अंतरावर राहते, दर रविवारी येते, आणि दर रविवारी गाडी विकण्याचा विषय काढते, हे मला ठाऊक होते. मी म्हटले, "मी कुणाला काही बोलणार नाही. पण आरसा नीट होईपर्यंत ही गाडी गॅरेजाबाहेर काढायची नाही." छत्तीस वर्षे कर्जाच्या अटी घालण्यात गेल्यावर माणसाला हा स्वर आपोआप साधतो. बुवांनी मान डोलावली.

त्या रात्री मी एका कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. लहानपणी वाड्याच्या चौकात उभे राहून आरशाने कवडसा पाडण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. हात जरासा कलला की कवडसा समोरच्या भिंतीवरून टुणकन उडी मारतो आणि दुपारी निजलेल्या काकांच्या डोळ्यांवर जातो. कारण आरसा जेवढ्या कोनात वळतो त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. म्हणजे दारावरचा आरसा एका अंशाने हलला की त्यातले चित्र दोन अंशांनी हलणार. गाडीच्या मागे पन्नास मीटरवर दोन अंश म्हणजे पावणेदोन मीटर झाले. एम.जी.बी.ची रुंदी दीड मीटर. तेव्हा आरसा अंशभर हलला तर मागचा सायकलस्वार गाडीभर रुंदीच्या पट्ट्यात इकडून तिकडे पुसला जातो, आणि असे सेकंदात कितीतरी वेळा! बुवांनी पाहिले होते, पण त्यांना दिसले नव्हते.

मजा अशी, की मोटारीच्या आरशाचे हे दुखणे जन्मापासूनचे आहे. आरसा मोटारीवर चढण्यापूर्वी तो हातात होता. डॉरोथी लेव्हिट नावाच्या इंग्लिश मोटारचालक बाईंनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी सल्ला दिला, की जवळ एक छोटा हातआरसा ठेवावा आणि चालवताना मधूनमधून वर धरून मागचे पाहावे. दोनच वर्षांनी, १९११ साली, अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येते हे पाहणे हेही त्याचे एक काम. रे हॅरून हा चालक मात्र एकट्याच्या गाडीत आला. बाकीच्यांनी तक्रार केली, की याला मागचे दिसणार कसे? तेव्हा त्याने आपल्या समोर एक आरसा जडवला आणि ६ तास ४२ मिनिटांत शर्यत जिंकली. त्या आरशाचे जगभर कौतुक झाले. पुढे हॅरूननेच सांगून टाकले, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा एवढा थरथरत होता, की त्यात काही दिसलेच नाही! म्हणजे ज्या आरशाने इतिहास घडवला तोही ढिलाच निघाला. दुसऱ्या दिवशी मी ही कथा बुवांना सांगितली. आदल्या दुपारनंतर ते प्रथमच हसले.

आता दुरुस्तीकडे वळू. बुवांचे गॅरेज पाहण्यासारखे होते. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेले. पान्हा जागेवर नसला की भिंतच ओरडून सांगे. आमच्या सौ.चे मसाल्याचे डबे सोडले तर इतकी शिस्त मी कुठे पाहिलेली नाही. पण बुवांची बोटे संधिवाताने वाकलेली. सगळे ज्ञान त्यांच्याकडे आणि बोटे माझ्याकडे, अशी विभागणी झाली. दोन म्हाताऱ्यांचा मिळून एक मेकॅनिक तयार झाला.

"आधी घट्ट करायला धावू नका," ते म्हणाले. "आधी ढिलं कुठे आहे ते शोधा." ही पहिली शिकवण. दारावरचा आरसा वरवर एक वस्तू दिसते, पण त्यात चार सांधे असतात. काच आणि तिची चौकट. चौकट आणि दांडी यांच्यामधली गोळी, जिच्यामुळे आरसा हवा तसा वळतो. दांडीचा पाय आणि त्याखालची बैठक, जी एका बारीक स्क्रूने एकमेकांना धरून असतात. आणि शेवटी बैठक आणि दाराचा पत्रा. यांतला कुठलाही एक सांधा सुटला तरी डोलतो तो अख्खा आरसा. म्हणून एका हाताने खालचा भाग दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने वरचा हलवायचा, आणि एकेक सांधा निर्दोष सोडत खाली यायचे. आमची काच शाबूत निघाली, गोळी घट्ट निघाली. बारीक स्क्रू थोडा सैल होता. पण खरा गुन्हेगार अगदी तळाशी सापडला: बैठकच पत्र्यावर हलत होती.

बारीक स्क्रू काढणे हेच अर्ध्या दिवसाचे काम झाले. त्याच्या डोक्यात षट्कोनी खळगा असतो आणि त्यात ॲलन की बसते. मी सवयीने मिलिमीटरच्या किल्ल्यांना हात घातला, तोच बुवांनी माझे मनगट धरले. जुन्या इंग्लिश गाडीची मापे इंचाची. या खळग्याचे माप ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिलिमीटर. अडीचची किल्ली आत जात नाही, दोनची जाते पण आत गरगरते आणि खळग्याचे कोपरे खाऊन टाकते. मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. योग्य किल्ली भिंतीवर होतीच. तरी गंज होता, म्हणून तेलाचा फवारा मारून रात्रभर थांबलो.

या तेलाची एक गंमत बुवांनी सांगितली. गंजलेले सोडवण्यासाठी घरोघरी वापरतात तो डब्ल्यू.डी.-४० अमेरिकेत १९५३ साली तयार झाला. चाळिसाव्या प्रयत्नात साधला म्हणून नावात चाळीस. त्याच १९५३ साली, त्याच देशात, हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी बरोबर उलट कामाचा द्रव विकण्यासाठी कंपनी काढली. स्क्रूच्या आट्यांना तो लावला की स्क्रू थरथरीने सुटत नाही. तोच पुढे लॉकटाइट या नावाने प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी एकाने सोडवायचे औषध काढले, दुसऱ्याने धरून ठेवायचे. संसारालाही दोन्ही लागतात, हे मी बुवांना सांगितले नाही, कारण पत्नीला जाऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रू सुटला, आरसा हाती आला, बैठकीचे दोन स्क्रू तर बोटांनीच निघाले. खालचे रबर बिस्किटासारखे चुरले, आणि पत्र्यातली भोके उघडी पडली. ती गोल राहिलीच नव्हती. हलून हलून लांबट झाली होती. "ही माझीच भोकं," बुवा म्हणाले. "हा आरसा कारखान्यातला नाही. मी १९८५ साली दुकानातून आणला आणि याच जागी उभा राहून बसवला." तेव्हा कारखान्याला बोल लावण्याची सोय नव्हती. आणि बुवांनाही कशाला लावायचा? चाळीसएक वर्षे टिकलेल्या कामाला मी तरी वाईट म्हणणार नाही.

दाराचा पत्रा जाडीला मिलिमीटरहूनही कमी. त्यात थेट पिळून बसवलेल्या स्क्रूचे दोन आटे एकमेकांपासून त्याहून दूर. म्हणजे पत्र्यात एक आटासुद्धा पुरता बसत नाही. पत्र्याच्या धारेवर स्क्रू कसाबसा तोलून असतो. वर आरसा वाऱ्यात उभा, खाली इंजिनाची थरथर. गेर्हार्ड युंकर या जर्मन इंजिनियराने १९६९ साली दाखवून दिले, की स्क्रूला सर्वांत घातक असते ते आडवे हलणे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की स्क्रूची पकड सुटते आणि तो आपणहून उलटा फिरू लागतो. एकदा थोडे हलले की भोक थोडे वाढते, भोक वाढले की जास्त हलते. आमच्या बँकेच्या भाषेत याला चक्रवाढ म्हणतात.

आता प्रश्न असा, की पत्र्याला पकड नाही तर करायचे काय? जाड स्क्रू घालायचा? बुवा म्हणाले, थोडे दिवस टिकेल, मग आणखी मोठे भोक पडेल. आम्ही दोघे चहा पीत त्या भोकांकडे पाहत बसलो. त्या संध्याकाळी सौ. सूनबाईच्या जाड लोकरी कोटाचे बटण लावीत होती. मी तिला आमची अडचण सांगितली. तिने वर न पाहता कोट उलटा केला आणि मला दाखवला. बाहेरच्या मोठ्या बटणाच्या बरोबर मागे, आतल्या बाजूला, एक छोटे चपटे बटण शिवलेले होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"अहो, सगळी ओढ एकट्या कापडावर आली तर कापड फाटणार नाही का? ही ओढ मागच्या बटणानं घ्यायची. बाहेरून कुणाला दिसतही नाही." आणि दाताने दोरा तोडून ती पुढे म्हणाली, "तुमच्या त्या दाराला मागून काही लावता येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी मी कोटच घेऊन गॅरेजात गेलो. बुवांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एकच शब्द उच्चारला: "अर्थात!" पत्र्यामागे पट्टी द्यायची युक्ती त्यांना माहीत नव्हती असे नाही; पण माहीत असलेली गोष्टही कुणीतरी आठवून द्यावी लागते.

मग दार उघडण्याचा समारंभ झाला. काच पूर्ण वर घेतली, काच फिरवण्याची मूठ काढली, दार ओढण्याची मूठ काढली, आणि आतल्या अस्तराच्या क्लिपा एकेक करून उचकटल्या. दाराच्या पोटात हात घालता आला. तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात, ती मातीने बुजली होती. तीही जाता जाता मोकळी केली. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीतून बोटभर लांबीचा तुकडा कापला, कानशीने धारा मोडल्या, दोन भोके पाडून त्यांत आटे पाडले, गंज धरू नये म्हणून रंग दिला. पत्र्यात जिथे एक आटा बसत नव्हता तिथे आता तीन-चार आटे पकड घेणार होते. पट्टी दाराच्या पोटात पडली तर खडखडत राहणार, म्हणून तिला सौ.चा दोरा बांधला आणि तो भोकातून बाहेर काढून ताणून धरला. दोऱ्याचे टोक बुवांच्या हातात, पट्टी माझ्या बोटांत, आणि दोघांनी श्वास रोखून धरलेला. पट्टी जागेवर बसली.

उघड्या पत्र्याच्या कडांना रंगाचे बोट लावले. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून नवे रबर कापले. ते मऊ असल्यामुळे रंगही खरवडत नाही आणि पाणीही आत जात नाही. आट्यांना निळ्या द्रवाचा एकेक थेंब दिला. हा द्रव मोठा चमत्कारिक आहे. इतर गोंद हवेने वाळतात, हा हवा मिळते तोवर पातळ राहतो. म्हणून त्याची बाटली मुद्दाम अर्धवट रिकामी ठेवतात. धातूच्या दोन पृष्ठांमध्ये कोंडला, हवा तुटली, की तो घट्ट होतो. निळा अशासाठी, की पुढे कधी काढायचे तर साध्या हत्याराने निघावे. लाल लावला तर तापवल्याशिवाय सुटणे कठीण. बैठक बसली, पाय बसला, बारीक स्क्रू आवळला. आणि पुन्हा थांबलो, कारण द्रवाला पुरते धरायला दिवसभर लागतो. आरशाला बोट लावले तेव्हा बोटच मागे आले.

इथे दुरुस्ती संपली. गोष्ट मात्र थोडी उरली आहे.

आरसा हलत होता, मग ते कुणाच्या लक्षात कसे आले नाही? इंग्लंडात मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. पण २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फार बदल न केलेल्या गाड्यांना तीतून सूट मिळाली आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. तपासायला कोणी येत नाही. मालकाचेही तसेच. सत्तरीनंतर तिथे परवाना दर तीन वर्षांनी नवा करायचा असतो. पण परीक्षा नाही. 'माझी दृष्टी ठीक आहे, प्रकृती ठीक आहे' असे स्वतःच लिहून द्यायचे. गाडीही म्हातारी, माणूसही म्हातारा, आणि दोघांवर सरकारचा पूर्ण विश्वास!

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या कोरड्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. ताशी चाळीस मैलांवर मी मुद्दाम आरशाकडे पाहिले. त्यात कुंपण होते, कुंपणामागे चर्चचा कळस होता, आणि रस्त्यावर एक लाल मोटार होती. सगळे फ्रेम करून भिंतीवर लावल्यासारखे स्थिर. बुवा काही बोलले नाहीत, पण शीळ घालीत होते. तोच फाटा आला. त्यांनी दिवा लावला, आरशात पाहिले. आरसा कितीही चांगला असला तरी बाजूचा थोडा कोपरा त्यात येतच नाही. त्यासाठी मान वळवून खांद्यावरून पाहावे लागते. बुवांनी मान वळवली. ती अर्ध्यावर अडली. त्यांनी खांदा वळवून पाहिला, कंबर वळवून पाहिली. मागे कोणी नव्हते. तरी ते वळले नाहीत. दिवा टिकटिक करीत राहिला. शेवटी त्यांनी तो बंद केला आणि सरळ पुढे जाऊन, मोठा वळसा घेऊन, आम्ही घरी आलो.

गॅरेजात इंजिन बंद केल्यावर ते बराच वेळ बसून राहिले. मग आरशाला बोट लावून म्हणाले, "हा ढिला होता तोवर बरं होतं. सगळं याच्यावर ढकलता येत होतं."

मी काय बोलणार? मी त्यांच्यासाठी चहा करून आणला.

पुढच्या रविवारी त्यांनी सायकलस्वाराची हकिगत मुलीला स्वतःच सांगितली. आवाज चढतील म्हणून आमच्या घरच्या खिडक्या आम्ही सभ्यपणे लावून घेतल्या, पण आवाज चढले नाहीत. परवान्याचा कागद ऑगस्टात आला. बुवांनी तो भरला नाही. आणि गाडी विकण्याची भाषा दर रविवारी बोलणारी त्यांची मुलगी एका रविवारी उजव्या बाजूला बसलेली मला दिसली. बुवा डावीकडे, माझ्या जागेवर. तिने आपल्या उंचीप्रमाणे आरसा वळवला, तेव्हा बुवांचा हात एकदम पुढे झाला आणि मध्येच थांबला. आरसा वळला तिथे थांबला. गाडी गेली. कोपऱ्यापर्यंत बुवांचा आवाज ऐकू येत होता. ते तिला बहुधा गिअर कधी बदलायचा ते सांगत होते.

आम्ही पुण्याला परतलो त्याला आता बराच काळ लोटला. आपल्याकडे आरशाची कदर थोडी निराळी आहे. स्कूटरचा आरसा भांग पाडायला असतो, रिक्षाचा आरसा प्रवाशाची मुद्रा पाहायला असतो, आणि मागून येणाऱ्याने हॉर्न वाजवून आपले अस्तित्व कळवावे असे ट्रकच्या पाठीवरच लिहिलेले असते. मी मात्र स्कूटरला हात घालण्यापूर्वी दोन्ही आरसे हलवून पाहतो. सौ.च्या शिवणाच्या डब्यात ती छोटी चपटी बटणे असतात, तीही आता मला निराळी दिसतात.

आमच्या मंडळातले एक स्नेही हल्ली रस्ता ओलांडताना थबकतात आणि दोष सिग्नलला देतात. दुसरे एक गृहस्थ पत्ते वाटताना चुकतात आणि दोष पत्त्यांच्या गुळगुळीतपणाला देतात. मी दोष देत नाही. मी आपला मनातल्या मनात एकेक सांधा हाताने दाबून पाहतो. मागच्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कुणी बोलावले नव्हते. सौ.ने विचारले, "का हो, काही त्रास होतोय का?" मी म्हटले, "नाही गं. ढिलं काही आहे का, एवढंच पाहून आलो."